ओठाचा कोपरा

बोगद्यात गाडी शिरली, डब्यात काळोख झाला, आणि शेठनं हेडबाईंच्या डोक्यावरची गवती टोपी अलगद उचलून समोरच्या दातांच्या डॉक्टरांच्या टकलावर ठेवली. डॉक्टरांचा गॉगल काढून डॉक्टरीणबाईंच्या मांडीवर ठेवला. उजेड आला तेव्हा स्वतः खिडकीला डोकं टेकून घोरत होता.

डबा खदखदून हसला. निवृत्त हेडबाईसुद्धा हसल्या. आयुष्यभर पोरांना ओणवं उभं केलेली बाई, पण टोपी परत घेताना म्हणाल्या, "शेठ, वर्गात असतात तर बाकावर उभं केलं असतं."

"बाई, बाकावरनं तर दरी आणखी चांगली दिसेल!"

पुन्हा हशा. शेठचं गावात रंगाचं दुकान होतं. ऑइलपेंट, डिस्टेंपर, पुट्टी, ब्रश. पण त्याचा खरा धंदा हाच. भल्याभल्यांना त्यानं टोप्या घातल्या होत्या आणि एकदाही स्वतःचा चेहरा हलू दिला नव्हता. "थट्टेत सगळं कसब इथं असतं," तो ओठाच्या कोपऱ्यावर बोट ठेवून सांगायचा. "हा हलला की संपलं."

बायको त्याच्या शेजारी, आतल्या बाजूला बसली होती. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. खरं तर खिडकी तिची. टूरवाला सकाळीच म्हणाला होता, "वहिनी, दरीकडची जागा तुमची. मुलानं मुद्दाम सांगून घेतलीय." हा टूरवाला छत्रीला पिवळा झेंडा बांधून पुढे चालायचा, म्हणून त्याचं नाव झेंडेवाला पडलं होतं. पण गाडी हलली आणि शेठनं पोट धरलं, डोळे फिरवले. "आत बसलं की मला मळमळतं हो. अंगावर आलं कुणाच्या, तर बोलू नका." बायको उठली, सरकली. थोड्या वेळानं त्यानं डॉक्टरांना डोळा मारला. तो तिनं पाहिला.

बाहेर डोंगर वर वर चढत होता. खाली नदी दोरीएवढी झाली होती. बायको त्याच्या खांद्यावरून मान उंचावून बघायची आणि शेठ काही सांगायला पुढे झुकला की पुन्हा मागे टेकायची.

"माझी सगळ्यात भारी थट्टा सांगू?" शेठ रंगात आला. "पोराचं लग्न. नवरीकडची बस यायचीय. मी हॉलच्या मागे जाऊन पोराला फोन लावला, आवाज बदलून. म्हटलं, हवालदार बोलतोय, तुमची पाहुण्यांची बस घाटात कलंडलीय! पोरगा नवरदेवाच्या कपड्यात, पायात चप्पल नाही, हायवेवर धावत सुटला! आणि समोरून बस येतेय, हॉर्न वाजवत!"

डॉक्टरांनी मांडीवर थाप मारली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अगंबाई! मग?"

"मग काय, लग्न लागलं की. पाय सोलवटले होते, बूट घालता येईनात. स्लिपर घालून उभा राहिला फोटोत!"

बायकोनं पर्सची चेन उघडली आणि बंद केली.

"आता नाही फसणार तो," हेडबाई म्हणाल्या.

"कोण म्हणतं? बापाच्या नावानं अजून जीव खालीवर होतो त्याचा. लावू फोन? पैज!"

झेंडेवाल्याचा फोन हवा होता, कारण तो नंबर पोराकडे होता. झेंडेवाला म्हणाला, "शेठ, नको. माझी नोकरी जाईल." पण सगळा डबा टाळ्या वाजवायला लागल्यावर त्यानं फोन दिला आणि छत्री घट्ट धरून उभा राहिला.

"अहो, राहू द्या," बायको म्हणाली. सकाळपासून ती एवढंच बोलली.

"अगं, तूच बघ आता कसा तडफडतो तो."

त्यानं फोन स्पीकरवर टाकला. झेंडेवाल्याचा घोगरा, नाकातला आवाज त्यानं पहिल्याच दिवशी उचलला होता.

"हॅलो, टूरवरनं बोलतोय. जरा गडबड झालीय. तुमचे वडील मागच्या स्टेशनवर उतरले, ते चढलेच नाहीत. गाडी उभी केलीय, सगळे शोधतायत."

पलीकडे दुकानातलं रंग ढवळायचं मशीन घरघरत होतं. ते बंद झालं. शेठनं डब्याकडे बघून भुवया उडवल्या.

"आणि आई?" पोरगा म्हणाला.

"आई... आई गाडीतच आहेत."

"खिडकीत बसलीय ना?"

"अं? हो, हो."

"मग गाडी कशाला थांबवलीत? जाऊ द्या पुढे. स्वतःच्या लग्नानंतर पहिल्यांदा बाहेर पडलीय ती, तिला नीट बघून येऊ द्या सगळं."

"अहो, पण वडील..."

"ते असतील तिथंच एखाद्या खांबामागे, तुमची मजा बघत. सापडतील. आणि नाही सापडले, तर..."

गाडी बोगद्यात शिरली. फोन कटला.

तो बोगदा लांब होता. डब्यात फक्त चाकांचा आवाज. उजेड आला तेव्हा सगळ्यांच्या टोप्या ज्याच्या त्याच्या डोक्यावर होत्या.

"ओळखलं!" शेठ ओरडला. "ओळखलं रे मला! बघा, कसा उलटा डाव टाकला बापावर! शेवटी रक्त कुणाचं!"

डॉक्टर घाईनं हसले. "वा! बापसे बेटा सवाई!" डॉक्टरीणबाईंनी बिस्किटाचा पुडा फोडून फिरवला. झेंडेवाल्यानं फोन घेतला, शर्टाला पुसला आणि खिशात टाकला. हेडबाई मात्र उठल्या, दाराजवळ गेल्या आणि डब्यातल्या दिव्यांचं बटण दाबून आल्या. भर दुपारी दिवे लागले. "आता बोगद्यात काळोख नको," त्या म्हणाल्या.

थोड्या वेळानं बायकोचा फोन वाजला. शेठनं नाव वाचलं आणि बिस्कीट तोंडाशीच थांबलं.

"हं," ती म्हणाली. "हो. बसलेय ना. ...दिसतंय की. नदी खाली राहिली, ढगपण खालीच आहेत. ...नाही रे, थंडी नाही. ...हं. ...बरं. ठेवते."

तिनं फोन पर्समध्ये ठेवला, चेन लावली.

"काय म्हणत होता?"

"काही नाही. खिडकी मिळाली का, विचारत होता."

"आणि माझं? माझं काही विचारलं की नाही?"

"विचारलं ना."

"काय?"

"गाडी सुटली ना पुढे, म्हणाला."

शेठ हसला. हसता हसता तिच्याकडे बघितलं. तिचा चेहरा सरळ होता, एक रेघ हललेली नव्हती. सबंध संसारात तिनं कधी कुणाची थट्टा केलेली त्याला आठवेना. तिच्याकडे त्यानं कधी त्या नजरेनं बघितलंच नव्हतं.

"खरंच असं म्हणाला?"

ती त्याच्या खांद्यावरून बाहेर बघत होती.

शेठ उठला. "ये, तू बस इकडे."

"राहू द्या," ती म्हणाली. "आत बसलं की तुम्हाला मळमळतं."

तो उभाच राहिला क्षणभर. मग गाडीनं हिसका दिला आणि होता तिथं बसला. पुढचा बोगदा आला. दिवे लागलेले होते, त्यामुळे काळ्या काचेत डबा जसाच्या तसा दिसायला लागला. बिस्किटं, टोप्या, पिवळ्या झेंड्याची मिटलेली छत्री, आणि त्याच्या खांद्यामागे ती. तिच्या ओठाचा कोपरा हलतोय का, ते तो बोगदा संपेपर्यंत बघत राहिला.