चुकून लागलेला फोन

संकटात सापडलेल्यांसाठीच्या मदतकेंद्राचे फोन हल्ली आधी यंत्र ऐकायचं आणि गरज वाटली तरच माणसाकडे द्यायचं. ते यंत्र घडवणारे मजलाभर होते. त्यांच्या कामावर देखरेख ठेवायला एकटी ताई. तिचा धाकटा भाऊ घडवणाऱ्यांतलाच, म्हणून सगळा मजला तिला ताईच म्हणायचा.

रोज सकाळी यंत्रातले नवे बदल तिच्यापुढे येऊन पडायचे. ती शंका विचारायची, पण उत्तर येईस्तोवर पुढचे बदल हजर. शेवटी ती नुसती मंजुरी देऊ लागली. जेवताना धाकटा चिडवायचा, "ताई, तू म्हणजे आमची सासूबाई." ती हसायची आणि डबा अर्धाच बंद करायची.

एका दुपारी तिला राहवलं नाही. यंत्राने 'चुकून लागलेला' म्हणून तोडलेले, रेकॉर्ड झालेले फोन ती कानाला हेडफोन लावून ऐकत बसली. खिशात घासल्याची खरखर, पोरांचा दंगा, गाड्यांचे आवाज. मग नुसता श्वास. आणि अगदी दबक्या आवाजात एक बाई, "तो दाराबाहेरच उभाय." लगेच यंत्राचा गोड आवाज, "आपला आवाज येत नाही. धन्यवाद." फोन बंद.

ताईने वेळ पाहिली. फोन नुकताच येऊन गेला होता.

ती धावत धाकट्याकडे गेली. त्याने तो फोन ऐकला आणि बदलांची यादी उघडली.

"हळू आवाज गाळायचा, तो गेल्या महिन्यातला बदल. गोंगाट नको म्हणून. तू पाहिला होतास ना?"

"मला वाटलं, तुम्ही तपासलाय."

"आम्हाला वाटलं, तू तपासशील."

मग धाकट्याने त्या बाईला उलटा फोन लावायला हात पुढे केला. ताईने तो धरला. "वेडा आहेस का? ती लपलीय. रिंग वाजली म्हणजे?"

तिने पोलिसांना नंबर कळवला आणि तशीच साहेबांच्या खोलीत शिरली. धाकटा मागोमाग.

"यंत्र बंद करा, साहेब."

"आणि फोन कोण उचलणार? एका फोनपायी एवढं?"

"एक मी ऐकला, म्हणून एक."

धाकटा म्हणाला, "मी बंद करतोय, साहेब." त्याने जागेवर जाऊन यंत्र बंद केलं.

त्या दिवशी घडवणाऱ्यांनीच फोन उचलले. कुणी फोनवर रडू लागलं की त्यांना शब्द सुचेना. हात वर करून ताईला बोलवायचे. संध्याकाळी पोलिसांचा निरोप आला: बाई न्हाणीघरात सापडली. हात मोडलाय, पण जिवंत आहे.

तो बदल काढून यंत्र पुन्हा सुरू झालं. साहेबांनी मग घडवणाऱ्यांतली तीन माणसं ताईच्या हाताखाली दिली. त्यांतला धाकटा आपणहून आला. मजल्यावरचे जुने दोस्त त्याच्याशी बोलेनासे झाले. तपासल्याशिवाय तो बदल पुढे जाऊ देत नाही, त्याच्यामुळे काम अडतं म्हणे.

आता ती चौघं तोडलेले फोन पहिल्यापासून ऐकतात. परवा असाच एक दबका आवाज सापडला, बराच जुना. पोलीस पत्त्यावर जाऊन आले. दाराला कुलूप होतं, आणि शेजाऱ्यांना काहीच माहीत नव्हतं.

"गावाला गेले असतील, नाही गं ताई?" धाकट्याने विचारलं.

ताईने पुढचा तोडलेला फोन ऐकायला घेतला आणि आवाज मोठा केला.