थ चा ट

श्रीपाद देवस्थळीच्या हातून कंपनीतला एकही सदोष नग पुढे सरकत नसे. पिंपरीच्या एका कारखान्यात तो इन्स्पेक्टर होता. मायक्रोमीटर लावायचा, केसभर फरक दिसला की नगावर लाल ठिपका द्यायचा आणि बाजूला टाकायचा. ऑपरेटरने कितीही गयावया केली तरी हा बधायचा नाही. "माणूस चुकतो राव, माप चुकत नाही," असं वर ऐकवायचा. त्याच्या पाठीमागे लोक हसायचे, पण ते त्याच्या कानावर कधी आलं नाही.

त्याची बायको वासंती प्राथमिक शाळेत शिकवायची. बोलायला चटपटीत, पाढे म्हणून घ्यायला लागली की शेजारच्या वर्गातली पोरंसुद्धा तिच्या सुरात सूर मिसळायची. अठ्ठ्याहत्तरच्या दिवाळीनंतर ही बाई मंदावत गेली. वह्या तपासता तपासता तिचा डोळा लागायचा. चेहरा सुजला, आवाज घोगरा झाला, कंगव्यात केसांचे पुंजके यायला लागले. चैत्रात सगळी कॉलनी घामाने निथळत होती आणि ही स्वेटर घालून बसलेली. एक वाक्य सुरू केलं की ते संपेपर्यंत समोरचा माणूस उठून जायचा. श्रीपादला आधी काळजी वाटली, मग राग यायला लागला. काळजीचा राग व्हायला आपल्या घरांतून फार दिवस लागत नाहीत.

शेवटी तो तिला चिंचवड स्टेशनजवळच्या आपटीकर डॉक्टरांकडे घेऊन गेला. घेऊन गेला म्हणजे, ती आत गेली आणि हा बाहेर स्कूटरचा प्लग साफ करत बसला. बाहेर आल्यावर तिने चिठ्ठी दिली, ती त्याने न बघताच शर्टाच्या खिशात टाकली. "काय म्हणाले?" त्याने स्कूटर चालू केल्यावर विचारलं. तिने मागून काहीतरी सांगितलं. वाऱ्यात त्याला 'रक्त' ऐकू आलं आणि शेवटचं 'ऑइड' ऐकू आलं. त्या उन्हाळ्यात कॉलनीत तीन घरांत टायफॉइड झाला होता. मधली अक्षरं त्याने स्वतःची घातली.

रविवारी दोघं लॅबमध्ये गेली तेव्हा कळलं, की चिठ्ठी शर्टाबरोबर धुतली गेली होती. खिशातून नुसता लगदा निघाला. मागे लोक उभे होते, काउंटरवरचा माणूस पेन धरून वाट बघत होता.

"टायफॉइडची तपासणी," श्रीपाद म्हणाला.

वासंतीने त्याची बाही ओढली. "अहो... ते... तसं..."

"थांब गं. मी बोलतोय ना."

काउंटरवरच्या माणसाने पावती फाडली. ध चा मा एकदा शनिवारवाड्यात झाला म्हणून आपण पिढ्यानपिढ्या हळहळतो. थ चा ट झाला तो एका रविवारी सकाळी, आणि कुणाचं लक्षसुद्धा गेलं नाही.

रिपोर्ट आला. त्यात काहीच नव्हतं. श्रीपादने कागद दोनदा वाचला आणि कंपनीतला नग पास करावा तशी बायको पास करून टाकली. "तुला काहीही झालेलं नाही. आता जरा मनावर घे." आजारच नाही तर डॉक्टरकडे परत कशाला जायचं? मुख्याध्यापिका कुसुमताईंनी लांब रजेसाठी डॉक्टरांचा दाखला मागितला, तेव्हा हा शहाणा तोच रिपोर्ट घेऊन स्वतः शाळेत गेला. खोटं बोलणं त्याच्या रक्तात नव्हतं ना! कुसुमताईंनी कागद बघितला आणि मान हलवली. पुढच्या आठवड्यात वासंतीने राजीनामा लिहिला. चार ओळी लिहायला तिला अख्खी दुपार लागली.

त्यानंतर तिने कुठलीच तक्रार केली नाही. त्याला वाटलं, सुधारली.

माघात एका सकाळी ती रॉकेलच्या रांगेत उभ्या उभ्या कोसळली. खालच्या मजल्यावरची झुलेखा मागेच उभी होती. तिने श्रीपादची वाट बघितली नाही. नवऱ्याला, रहिमानला, रिक्षा आणायला लावली आणि वासंतीला थेट आपटीकरांकडे नेलं. श्रीपाद कंपनीतून धावत आला, तेव्हा दारातच ती म्हणाली, "भाईसाब, हात बघा वहिनींचा. बर्फ आहे बर्फ. माणूस उगाच एवढं थंड पडतं का?"

"मी सांगितलेली तपासणी कुठं आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

श्रीपाद स्कूटरवरून घरी जाऊन फाइल घेऊन आला. रिपोर्ट त्यात नीट लावलेला होता. डॉक्टरांनी तो वाचला, चष्मा काढला, परत लावला.

"ही टायफॉइडची तपासणी आहे, श्रीपादराव. मी थायरॉइड लिहिलं होतं. गळ्यातली ग्रंथी. ती पार मंदावली की माणूस असाच मंदावतो. या बाईंचा आळस नाही हा." मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "लॅबवाल्यांनी घोळ घातलेला दिसतोय."

श्रीपादला लॅबचा काउंटर आठवला. त्याने तोंड उघडलं. "असंच झालं असणार," तो म्हणाला.

या वेळी डॉक्टरांनी रक्त स्वतः काढलं. ते बर्फात घालून मुंबईला गेलं. तीन आठवड्यांनी ग्रंथीच्या स्रावाचा आकडा आला, तो इतका खाली होता की इन्स्पेक्टरला त्याचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागला नाही. रोज सकाळी उपाशीपोटी एक बारकी गोळी सुरू झाली. ज्येष्ठ लागेपर्यंत वासंतीच्या कपाळावर घाम दिसायला लागला. चेहऱ्याची सूज उतरली, आवाज परत आला. शाळेतली जागा मात्र भरली गेली होती.

घरी येणाराजाणारा त्या लॅबवाल्याला शिव्या घालायचा. श्रीपाद मान खाली घालून चहा प्यायचा. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते त्याला त्या दिवसांत पुरतं कळलं. एका संध्याकाळी त्याला ते सोसवेना. वासंती मेथी निवडत बसली होती. तो समोर जाऊन बसला.

"लॅबवाल्याची चूक नव्हती. टायफॉइड मीच म्हणालो होतो."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "मी शेजारीच उभी होते ना."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलत होते. तुमची बाही ओढली होती. पण तेव्हा एक शब्द तोंडातून काढायला किती वेळ लागायचा मला. 'थ' जिभेवर येईपर्यंत पावती फाडून झाली होती."

"पण नंतर तरी..."

"नंतर तुम्ही म्हणालात, रिपोर्टात काही नाही. तुमचं माप चुकत नाही. मला वाटलं, डॉक्टरांचं मीच चुकीचं ऐकलं असणार. आळशीच असणार मी."

श्रीपादला रडू आलं, ते त्याने लपवलं नाही. वासंतीच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला सोसत नव्हतं. तिने मेथीच्या काड्या कागदात गुंडाळल्या.

"तुम्ही थांब म्हणालात," ती म्हणाली. "मी दहा महिने थांबले."

आणि भाजी धुवायला आत गेली.