दारावरचा गोल

आमच्या कामात कागदापेक्षा दारावर भरवसा जास्त. बाळाला लसीचे थेंब पाजले की त्या घराच्या दारावर खडूने गोल, बाळ राहिलं की फुली. स्वतःचं घर असलं तरी सूट नाही, हे मी प्रत्येक नव्या पोरीच्या डोक्यात कोंबते. भिंगरीच्याही कोंबलं होतं. तरुणांना काम देण्याच्या योजनेतून ती माझ्या हाताखाली आली होती, घरातली पहिली पगारदार मुलगी. पाय एका जागी ठरत नसत, म्हणून भिंगरी.

त्या दुपारी शेजारच्या वस्तीत तापाने एक मूल गेलं आणि थेंबांनीच गेलं अशी आवई उठली. बघता बघता लोक सळया घेऊन रस्त्यावर उतरले. जमाव दारं बघत येत होता. गोल दिसला की लाथा, फुटक्या काचा, किंकाळ्या. एका म्हाताऱ्याला केसांना धरून पायऱ्यांवरून फरफटत खाली आणलं. नातवाला थेंब पाजू दिले, एवढाच त्याचा गुन्हा. मी ओलं फडकं घेऊन गोल पुसत सुटले, पण एकटी कुठे कुठे पुरणार?

जमावाच्या पुढे भिंगरीचा भाऊ होता. वेल्डर, जरा काही झालं की डोक्यात राख घालून घेणारा. थेंबांना त्याचा पहिल्यापासून विरोध. तो आपल्याच गल्लीकडे वळला तशी भिंगरीने माझा दंड घट्ट धरला.

"ताई, आमच्या दारावर गोल आहे."

"काय?"

"आज सकाळी दादा कामावर असताना वहिनीने बाळाला पुढे केलं. मी पाजले. मग गोल नको काढायला? तुम्हीच म्हणता, सूट नाही."

त्या क्षणी मला तिचा आणि माझ्या नियमाचाही भयंकर राग आला. घरात वहिनी होती, बाळ होतं. आम्ही मागच्या बोळातून धावत सुटलो.

पोचलो तोवर गोल सगळ्यांनी पाहिला होता.

"आता का थांबलास रे? घरचं म्हणून?" कुणीतरी खिदळलं.

वेल्डर पांढराफटक पडला. मागून वीट आली, खिडकी फुटली आणि आत बाळाने टाहो फोडला. दोघंजण दार तोडायला सरसावले. त्यांच्या आधी भिंगरी दाराला पाठ लावून उभी राहिली.

"वहिनीचा काही संबंध नाही. मी पाजले. या हाताने."

"डोकं फोड तिचं!" जमाव ओरडायला लागला.

वेल्डरने तिचा उजवा हात चौकटीवर दाबून धरला आणि सळई हाणली. पुन्हा हाणली. हाड मोडल्याचा आवाज अजून माझ्या कानातून जात नाही. जमाव आरोळी ठोकून पुढच्या दाराकडे वळला.

दवाखान्यात तिला त्यानेच उचलून आणलं. मी त्याच्या कानाखाली जाळ काढला.

"मारा बाई," तो म्हणाला. "ते डोकं मागत होते. मी हातावर भागवलं."

मला त्याची दया आली नाही. मी त्याची मानगूट धरून त्याला पलीकडच्या खाटेकडे वळवलं. तिथे त्याची शेजारीण होती, डोक्यापासून पायापर्यंत चादरीने झाकलेली. पुढचं दार तिचं होतं.

"हिचं कशावर भागलं?"

तो बहिणीच्या खाटेकडे वळला. भिंगरी भिंतीकडे तोंड करून पडली होती. त्याने दोनदा हाक मारली, पण तिने वळून पाहिलं नाही.