पाय न टेकणारी

मार्गशीर्षातल्या सकाळच्या त्या राखाडी, अजून ऊन न झालेल्या उजेडात धायरीच्या मागच्या खाणीत एक आवाज थांबून राहिलेला असे. थांबून राहिलेला असंच म्हणावं लागेल. कारण एरवी मोटारसायकलचा आवाज येतो आणि जातो, कानाशी त्याचं नातं पळपुट्याचं असतं, पण हा आवाज काळ्या पाषाणाच्या उभ्या भिंतींमध्ये एका जागी धडधडत असे, झाकणाखाली उकळी धरलेल्या भाताच्या पातेल्यासारखा, संयत आणि भरलेला. त्या आवाजावर प्रणिता उभी असे. बसलेली नव्हे, उभी. तिच्या गाडीला सीटच नव्हती. दोन्ही पावलं फूटरेस्टवर, गुडघे किंचित वाकलेले, डाव्या हाताचं एकच बोट क्लचवर, आणि नजर समोरच्या दगडावर नव्हे, त्याच्याही पलीकडच्या दगडावर. खाणीच्या तळाशी साचलेल्या पाण्यावरून टिटवी ओरडत जाई, दूर सिंहगडाच्या मनोऱ्याला पहिलं ऊन लागे, आणि गाडी तिच्याखाली तशीच, दोन चाकांवर, जागच्या जागी, न पडता उभी राही. किती वेळ, ते मी मोजलेलं नाही. तेवढा वेळ मी श्वास घ्यायला विसरत असे, एवढं खरं.

या खेळाला ट्रायल्स म्हणतात. पुण्यात फारशा कुणाला तो ठाऊक नाही, आणि ठाऊक नसल्याचं कुणाला काही वाटतही नाही, म्हणून सांगते. ही शर्यत नव्हे. दगडधोंड्यांतून, ओंडक्यांवरून, फिती लावून आखलेल्या वाकड्यातिकड्या वाटेने गाडी न्यायची आणि पाय जमिनीला लावायचा नाही, बस्स. पाय एकदा टेकला की एक गुण चढला, दोनदा टेकला की दोन, गाडी आडवी झाली की सरळ पाच. ज्याचे गुण सगळ्यांत कमी, तो जिंकला. इथे परिपूर्णतेचं नाव शून्य आहे. ज्या शहरात स्वारगेटच्या चौकात सिग्नलला अडलेली अख्खी दुनिया दोन्ही पाय खाली सोडून एकमेकांच्या कानात हॉर्न वाजवत असते, त्याच शहराच्या काठावर एक मुलगी रोज सकाळी, कामावर जाण्याआधी, पाय न टेकण्याचा अभ्यास करत होती.

मोजायला लेले सर असत. नारायण पेठेतले, शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालेले, तरुणपणी स्वतः हा खेळ खेळलेले आणि त्याची खूण म्हणून उजव्या गुडघ्यात कायमचा ताठरपणा घेऊन वावरणारे. घडीचं स्टूल, डोक्यावर कानटोपी, हातात काही नाही. या खेळात निकाल बोलायचा नसतो, दाखवायचा असतो: वाट संपली की परीक्षक हात वर करतो आणि जितके पाय टेकले तितकी बोटं उभी करतो. आणि एकही टेकला नसेल तर मूठ. बंद मूठ म्हणजे शून्य, निष्कलंक.

मला हे माहीत नव्हतं. पहिल्या सकाळी त्या खाणीच्या कडेवरून मी खाली पाहिलं तेव्हा एका म्हाताऱ्या गृहस्थाने हवेत मूठ उंचावलेली दिसली, आणि आयुष्यात मूठ फक्त मोर्चात पाहिलेली मी, आपल्याच बाजूचं कुणीतरी भेटलं म्हणून, हात वर करून ओरडले. दोघांनी वळून पाहिलं. सरांनी आपली मूठ हळूच उघडली आणि खिशात ठेवली.

मी तिथे पत्रकं घेऊन गेले होते. टेकड्या फोडून, भरून, सपाट करून विकल्या जाताहेत, हे आम्ही काही जण घरोघर सांगत फिरतो. मी लिहिलेल्या पत्रकात सहा मागण्या होत्या आणि त्यांतली चौथी होती: टेकडीवर दुचाकींना संपूर्ण बंदी. रविवारी गाड्या चढवून गवत जाळणाऱ्या, बाटल्या फोडणाऱ्या टोळक्यांवर माझा राग होता, तो आजही आहे. म्हणून खाली उतरले, तावातावाने पत्रक तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, ‘टेकडी वाचवायची आहे आपल्याला.’

तिने पत्रक वाचलं. सगळं, शेवटच्या ओळीपर्यंत. पत्रक असं पूर्ण वाचणारं माणूस विरळा. मग म्हणाली, ‘वाचवा ना ताई. मी कुठं तिले खाऊन राहिली?’

सर म्हणाले, ‘अहो, शुद्धलेखन चांगलं आहे हं आपलं. कागद मात्र झाडाचाच ना?’

मी चिडून वर निघून गेले. आणि दुसऱ्या दिवशी, का ते विचारू नका, परत आले.

वर्ध्याकडची ती. धायरीतल्या एका शेडमध्ये पंपांची जुळणी करायची. बोटांच्या पेरांत ग्रीसच्या काळ्या रेषा कायमच्या मुरलेल्या, जणू हाताला तळव्याखेरीज आणखी कुठेतरी भाग्य लिहिलेलं असावं तशा. गाडी म्हणजे जुनी, कामावर नेण्याची साधी मोटारसायकल. सीट काढलेली, टाकी ठोकून निमुळती केलेली, मागची दातेरी चकती मोठी बसवलेली. सरांनी आणि तिने मिळून ती घडवली होती. खऱ्या ट्रायल्सच्या गाडीच्या दुप्पट तरी वजनाचं ते धूड पुढच्या चाकावर, मागच्या चाकावर, हवेत तिरपं वळवताना तिच्या शरीरात बळजबरी कधी दिसली नाही. वाऱ्यात कलणाऱ्या आणि मोडायला नकार देणाऱ्या वाळल्या गवताची लय होती ती.

पण माझ्या स्मरणात तिचं रूप आहे ते गाडीवरचं नव्हे. गाडी सुरू करण्याआधी वाट पायी चालून पाहायची रीत असते. बाकीचे बूट घालून चालतात. ती बूट काढायची. माघाच्या थंडीत, दवाने ओल्या झालेल्या त्या काळ्या दगडांवरून अनवाणी, सावकाश, एकेक पाऊल पूर्ण टेकवत जायची. कुठला दगड हलतो, कुठला गुळगुळीत आहे, कुठल्याच्या पोटात पोकळी आहे हे टाचेला विचारत. मी एकदा म्हटलं, गार लागत नाही का? ‘लागते ना. पण डोळ्याले नाही कळत, पायालेच कळते.’ आणि मग गाडीवर चढल्यावर त्याच पायांनी त्या दगडांना स्पर्श करायचा नाही. ज्याची इतकी जवळून ओळख करून घेतली, त्याला पुन्हा शिवायचं नाही, ही विलक्षण ताटातूट ती रोज सकाळी नव्याने पत्करत होती.

खाणीच्या टोकाला एक पायरी होती. आम्ही म्हणायचो पायरी. सुरुंगाने सरळ कापलेला, तिच्या छातीइतका उंच पाषाण. पुढचं चाक उचलून, मागचं आपटून, गाडीसकट त्यावर चढायचं. ती चढायची. पण वर पोहोचता पोहोचता, शेवटच्या वीतभर अंतरात, तिचा डावा पाय निमिषभर दगडाला लागून जायचा. लेले सरांचं एक बोट वर. पुन्हा. एक बोट. गिरिपुष्पांना गुलाबी बहर आला तरी ते बोट खाली गेलं नाही. ‘सर, लागला नाही हो!’ ती करवादायची. ‘लागला,’ सर म्हणायचे, ‘दगडाला विचारा.’

फाल्गुनात दक्षिणेत एका संघाची निवडचाचणी होती. जागा एक. मिळाली तर खरी गाडी, हलकी, चालवणाऱ्याचं म्हणणं ऐकणारी, आणि जुळणीच्या टेबलापासून सुटका; नाही मिळाली तर चैत्रात घरी परत, असं वडिलांशी ठरलेलं. घरी परत म्हणजे पुढे काय, ते या महाराष्ट्रात मुलींना समजावून सांगावं लागत नाही. आणि तिथेही अशीच एक पायरी असणार होती. तिला हवी होती फक्त ही पायरी, आणि हा दगड पायाखालून हातात येईतो अजून काही सकाळी.

आता माझं सांगते. खाणीत उतरायच्या आदल्याच आठवड्यात मी त्या सहा मागण्यांचा अर्ज सरकारी कार्यालयात देऊन आले होते. तो मागे घ्यावा असं दोनदा मनात आलं. घेतला नाही. आमच्या जगात अर्ज वाचला जात नाही यावर इतकी गाढ श्रद्धा असते, की त्यात आपण काय लिहून ठेवलंय याचं भयच उरत नाही.

यावेळी वाचला. टेकडी फोडणाऱ्यांवर गुन्हे दाखल करा, नाही. राडारोडा टाकणं थांबवा, नाही. नकाशे जाहीर करा, नाही. मागणी क्रमांक चार: मान्य. माघ सरता सरता एक जेसीबी आला, पायवाटेच्या तोंडाशी आडवा खोल चर खणून गेला आणि शेजारी पाटी लावली: दुचाकींना प्रवेश बंद. त्याच आठवड्यात पलीकडच्या अंगाने नवा रस्ता झाला आणि पाडलेल्या इमारतींचा राडारोडा घेऊन डंपर खाणीत उतरू लागले. डंपरला दहा चाकं असतात. मी दुचाकी लिहिलं होतं.

मी कार्यालयात जाऊन ओरडले. टेबलामागच्या गृहस्थांनी फाइल माझ्याकडे वळवली. ‘सही आपलीच ना, मॅडम? लोक मागणी मान्य झाली की पेढे आणतात.’

तिला मी खरं सांगितलं. चराच्या काठावर, गाडी स्टँडला लावून ती उभी होती. मला वाटलं शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने चरात डोकावून पाहिलं, खोली मापली, पलीकडच्या काठाची माती पाहिली, सवयीने. मग म्हणाली, ‘हे बी चढता येईल पाहा. पण पाटी हाय ना.’ आणि हसली. नियम ज्या खेळाचं सर्वस्व आहे, त्या खेळात वाढलेली मुलगी ती. पाटी ओलांडणं तिला पाय टेकण्याइतकंच हीन वाटलं असावं. त्यानंतर ती शेडच्या मागे विटा रचून सराव करायची. विटा कोसळायच्या. पाषाण कोसळत नाही, हाच त्याचा उपयोग असतो.

ती दोघं निवडीहून परतली तेव्हा मी त्यांना स्वारगेटला घ्यायला गेले. रणरणती दुपार, बसचा धूर, रिक्षावाल्यांचा पुकारा. लेले सर आधी उतरले, आखडलेला पाय सोडवत; त्या सगळ्या गर्दीवरून त्यांनी मला शोधलं, आणि हात वर केला. एक बोट.

मागून ती उतरली. ‘पायरीवरच, ताई. वरच्या टोकाले.’ मग, ‘दुसऱ्या पोरीची मूठ होती.’

चैत्राच्या पहिल्या दिवसांत, जायच्या आधी, तिला खाण पाहायची होती. आम्ही तिघं चर उतरून पायीच गेलो. तळ गेला होता, पाणी गेलं होतं, टिटवी गेली होती. विटा, फुटक्या फरशा, कुणाच्या तरी मोरीचे निळे तुकडे यांच्या ढिगातून पायरीचा वरचा हातभर काळा कडा तेवढा डोकावत होता. तिने बूट काढले. त्या चुऱ्यातून, काचांतून, ती अनवाणी चालत गेली, जुन्या वाटेने, आता नसलेल्या दगडांच्या बरोबर वरून, वळणं जिथल्या तिथे घेत. कड्यावर चढली, आणि टाच त्या शेवटच्या वीतभर जागेवर ठेवून उभी राहिली.

‘सर, किती?’

सरांचा हात अर्धा वर आला. त्यांची बोटं मिटू लागली होती, मी पाहिलं. मग त्यांनी तो हात खिशात घातला. ‘गाडीशिवाय गुण नसतात, प्रणिता,’ ते म्हणाले, आणि कानटोपीचा ऋतू संपलेला असूनही कान चाचपत दुसरीकडे पाहू लागले. खोटी मूठ तिला नकोच होती. तिने मान हलवली आणि पावलातली काच काढायला खाली बसली.

गाडी आता नारायण पेठेत सरांच्या जिन्याखाली असते. येणारेजाणारे विचारतात, ‘अहो, सीट चोरीला गेली का?’ सर सांगतात, ‘बसणाऱ्यांची नाही ती.’ तिचा फोन सुरुवातीला यायचा. हल्ली येत नाही.

मी मात्र जाते अजून. खाण सपाट झालीय, वर मुरूम टाकून रोलर फिरवलाय, कडेला खांब रोवलेत. उजेड तसाच राखाडी येतो, सिंहगडाच्या मनोऱ्याला ऊन तसंच लागतं, फक्त त्या उजेडात थांबून राहिलेला आवाज नाही. काळ असाच भरत येतो, आवाज न करता, आपल्याच सहीने. आणि पायरी नेमकी कुठे होती ते आठवायचा प्रयत्न करत, तिच्या उंचीच्याही वर कुठेतरी, दोन्ही पाय टेकून मी उभी असते. मोजायला कुणी नसतं.