करामतभाईचा ताईत

उठवलेल्या गावात माणूस औषधालाही उरला नव्हता, तरी गावदेवाच्या सात दगडांवर रोज सकाळी ताजा शेंदूर दिसायचा. लावत कोण होतं, कुणालाच ठाऊक नाही. १९५७ साल होतं. भिलाईत पोलादाच्या प्लांटसाठी जमीन सपाट करणं चालू होतं, आणि त्या दगडांपाशी आला की डोझर बंद पडायचा. दोन ड्रायव्हर तापानं फणफणले. तिसरा आला कामठीचा करामतभाई, खुर्सीपारच्या मजूरवस्तीतला माझा शेजारी. मी केवलराम, त्याच्याच गँगमधला खलाशी, म्हणजे हरकाम्या मजूर, आणि देवाच्या बाबतीत पहिल्या नंबरचा भित्रा.

पहिल्या दिवशी त्याचाही डोझर थांबला. संध्याकाळी घरी गेला तर चार वर्षांची जमिला तापानं भाजत होती. सकाळी मी कामावर नारळच घेऊन गेलो.

"फोड अन् हात जोड," मी म्हणालो. "पोरीपेक्षा मोठं काय हाय?"

"कावून जोडू? डोकं एकाच्याच पुढे टेकवतो मी."

"आमचे देव पाह्य ना. विहिरीचा वेगळा, शिवेचा वेगळा, तापाची माय वेगळी. प्लांटात कसे फोरमन असतात, तसे."

"मंग पोरीसाठी कोणत्या फोरमनच्या पाया पडू? अन् दुसरा रुसला तं?" तो हसला नाही. "ज्यानं बनवलं तो एकच, केवल. त्याले ना बाप, ना लेकरू, ना हिस्सेदार. देणारा तो, नेणारा बी तोच."

बोलता बोलता त्याचा हात दंडावर गेला. तिथे आईनं बांधलेला चांदीचा ताईत होता. त्याचा चेहराच उतरला.

"तुले शिकवून राहिलो, अन् मी याच्या भरवशावर बसलो," तो म्हणाला. दोरा तोडून त्यानं ताईत माझ्या हातात कोंबला. "फेकून दे."

आणि वळून डोझरवर चढला.

भर दुपारी डोझर दगडांपाशी आला आणि आचका देऊन थांबला. मैदानात वारासुद्धा नव्हता. "बिस्मिल्ला," करामतभाई म्हणाला. मी डोळे मिटून घेतले. खरं सांगतो, त्याच्यासाठी नाही, माझ्यासाठी घाबरलो होतो. उघडले तेव्हा इंजिन धडधडत होतं आणि सातही दगड उलथले होते. खाली नुसती सुकी माती.

तिसऱ्या दिवशी जमिलाचा ताप उतरला.

"उतरला नसता तं?" मी विचारलं.

"तरी तो एकच राहिला असता."

ताईत मात्र मी फेकलाच नव्हता. घरी कोनाड्यात मरीमायच्या शेजारी ठेवून दिला होता. आपल्याकडे जागेची काय कमी! ताप उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर त्यावर ताजा शेंदूर. माझ्या बायकोनं, रुक्मानं, पोरांची शपथ घेतली. घरात तर शेंदूर नव्हताच. मी माझा अंगठाही निरखून पाहिला.

सांगायला करामतभाईच्या दारापर्यंत गेलो. तो जमिलाला खांद्यावर घेऊन हसत होता, दंड मोकळा. मी तसाच परत फिरलो. ताईत फेकायला उचलावा तर हात होईना. भ्यायला घरात आणखी एक झाला होता.

मी हात जोडले.