परत गेलेली आठ पोती

गुरुवारी दुपारी अकोल्याच्या जठारपेठेतल्या धान्य बँकेसमोर डाळ मिलचा छोटा हत्ती टेम्पो येऊन उभा राहिला, तेव्हा सगळ्यांत आधी मोबाइल बाहेर निघाले. मिलचे मॅनेजर देवीदास यांनी पोत्यांसोबत फ्लेक्सही आणला होता. दसऱ्यानिमित्त आठ पोती तूरडाळ सप्रेम भेट, असं त्यावर मिलच्या जुन्या शेठच्या नावाखाली मोठ्या अक्षरांत छापलेलं होतं. बँकेची सचिव रागिणी शाळेतून अर्ध्या दिवसाची सुटी काढून आली होती. तिने जमलेल्या बायांना पोत्यांमागे रांगेत उभं केलं आणि म्हणाली, "जयवंताकाकू, तुम्ही मधोमध या."

जयवंता मधोमध गेली नाही. ती पहिल्या पोत्यापाशी वाकली, तोंडाच्या शिवणीचा दोरा ओढला आणि कोपरापर्यंत हात आत घातला.

वरची डाळ कोरडी होती. हात खाली गेला तशी ती गार लागली, आणखी खाली चिकट. तिने मूठ बाहेर काढून नाकाशी नेली. कुबट वास आला. दाण्यांचे गोळे झाले होते आणि त्यांच्यावर हिरवट बुरशी धरली होती. तिने दुसरं पोतं उघडलं, मग तिसरं. सगळ्यांचं तेच.

डाळीच्या बाबतीत तिच्या हाताला फसवणं अवघड होतं. याच मिलमध्ये तिने सव्वीस वर्षं डाळ निवडली होती. मग रंगावरून दाणे वेगळे करणारी मशीन आली आणि चाळीस बाया एकाच सोमवारी घरी बसल्या. तुमचं काम संपलं, हे सांगायला देवीदासच आले होते, आणि सांगायला त्यांना दहा मिनिटं पुरली होती. त्याला आता नऊ वर्षं झाली. लॉकडाऊनमध्ये गल्लीतल्या लोकांनी एका बंद दुकानाच्या गाळ्यात धान्य गोळा करायला सुरुवात केली, तेव्हा जयवंताने ते काम हातात घेतलं आणि पुन्हा सोडलंच नाही. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी एकशे दहा घरांतली माणसं तिथे येत. ज्वारी तेल्हाऱ्याचे महादेवराव आपल्या आणि भावकीच्या शेतातून पाठवत, तेल-मीठ दोन किराणा दुकानदार देत. डाळीचं मात्र कधीच पक्कं नसे.

"देवीदासभाऊ," जयवंता हात झटकत म्हणाली, "हे पोते वापस न्या."

"काहून?"

"सडेल हायेत. खालून ओले झालेत."

देवीदासांनी आजूबाजूला पाहिलं. "थोडं उन्हात टाका, होऊन जाईल. फुकटच तर देऊन राहिलो न बाई."

"फुकट खानाऱ्याचं पोट काही निराळं नसते, भाऊ. आजारी पडलं तर तेच दुखते."

रागिणीने तिला हाताला धरून बाजूला नेलं. "काकू, परवा शनिवार आहे. माणसं येतील तेव्हा काय देणार? वरवरची चांगली डाळ काढून घेऊ. मोठी मिल आहे, एकदा नाराज झाले तर पुन्हा नाही यायचे."

"वरची तू नेतेस घरी? तुह्या लेकराले खाऊ घालतेस?"

रागिणीनेच फ्लेक्सच्या दोऱ्या सोडल्या आणि तो गुंडाळून गाडीत ठेवला. आठही पोती परत गेली.

शुक्रवारी सकाळी जयवंताने त्या डाळीतली काल काढून ठेवलेली मूठभर एका रुमालात बांधली आणि ऑटो करून एमआयडीसी गाठली. फाटकावरचा चौकीदार नवा होता, त्याने नाव विचारलं, काम विचारलं. ती म्हणाली, "वाहेदशेठले सांगा, जुनी जयवंता आली हाये."

मिलचा मालक वाहेद आता पंचेचाळिशीचा होता. त्याच्या वडलांच्या हाताखाली जयवंता कामाला लागली तेव्हा तो शाळेत होता. त्याने तिला ओळखलं, खुर्ची दिली, पण चेहरा कडकच ठेवला.

"मावशी, मिलचा माल चार लोकांसमोर वापस पाठवला तुमी. मले फोनवर फोन येऊन राहिले."

तिने रुमाल सोडून टेबलावर ठेवला. "वास घ्या."

वाहेदने वास घेतला. दोन दाणे बोटांत चुरडले, त्यांचा चिकट लगदा झाला. मग त्याने देवीदासांना बोलावलं आणि एवढंच विचारलं, "हा माल कोणत्या गोदामातला?"

देवीदासांनी लपवलं नाही. श्रावणात मागच्या गोदामाचा पत्रा गळत होता. भिंतीकडची पोती भिजली, ती तशीच पडून होती. टाकून देण्यापेक्षा कुणाच्या कामी यावी, असं त्यांना वाटलं होतं.

"फ्लेक्सवर नाव माझ्या अब्बाचं होतं, देवीदास," वाहेद म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही. देवीदास खाली पाहत उभे राहिले. वाहेद जयवंताकडे वळला. "मावशी, चूक झाली. आत्ता आठ पोते एक नंबर डाळ गाडीत टाकतो. उघडून पाहा."

दुसरं कुणी असतं तर हात जोडून उठलं असतं. जयवंता बसून राहिली. रात्री अंथरुणावर तिने जे मनात पक्कं केलं होतं, ते अजून बोलायचं होतं.

"आठ पोते ह्या महिन्याचे झाले," ती म्हणाली. "फुडच्या महिन्यात मी कोनाच्या दारात उभी राहू? मले दुसरं पायजे. तुमची मशीन जे बाजूले फेकते, त्याचं काय करता?"

"ते ढोराच्या खाद्याले जाते."

"त्यातली आर्ध्याच्या वर मानसाच्या खान्याची हाये."

वाहेद पहिल्यांदाच हसला. "मावशी, ती मशीन इतक्या पैशाची हाये. चुकत नाही."

"चुकत नाही, रंग पायते. सालीचा तुकडा चिकटला, दाना तुटला, की फेकते. तुटक्या डाळीचं वरन होत नाही काय? एक पोतं द्या मले. इथंच, तुमच्यासमोर निवडतो आमी."

नाही म्हणण्यासारखं त्यात काही नव्हतं. जयवंताने व्हरांड्यात उभं राहून दोन फोन केले. बारा वाजता मैनाबाई आली, तिच्यामागून नसीमबानो. दोघी त्याच सोमवारी घरी बसलेल्या. मैनाबाईने येताना घरचं सूप आणलं होतं. नसीमबानोला आता चष्मा लागला होता. फाटकातून आत पाऊल टाकताना ती क्षणभर थबकली आणि म्हणाली, "जयवंता, मैंने तो कसम खाल्ली होती इथं वापस न येण्याची."

"मीबी," जयवंता म्हणाली. "चाल."

शेडमध्ये ताडपत्री अंथरली, पोतं मोकळं केलं. पहिली दहा मिनिटं तिघींचे हात जरा अडखळले. बोटं जाड झाली होती, मांडी घालून बसल्यावर गुडघे कुरकुरत होते. मग सुपाचा आवाज एका लयीत लागला आणि हात आपोआप चालू लागले. साल चिकटलेले दाणे एकीकडे, तुटके पण निरोगी दुसरीकडे, किडके आणि काळे पडलेले मागे. मशीन चालवणारे कामगार जेवणाच्या सुटीत डबे घेऊन भोवती उभे राहिले. जयवंताला वाटलं होतं की इथे बसल्यावर जुना राग वर येईल. तो आला नाही. उलट आपल्याला एक काम फार चांगलं येतं, हे तिला कित्येक वर्षांनी अंगभर जाणवलं.

तीन वाजता पोतं संपलं. वाहेदने स्वतः काटा लावला. निम्म्याहून बरीच जास्त डाळ खाण्याजोगी निघाली होती. त्याने तिच्यात हात फिरवला, पण दिसतं तसं शिजतं का, ही शंका त्याच्या डोळ्यांत होतीच. ती जयवंताने ओळखली. मिलच्या कँटीनमध्ये जाऊन तिने कुकर मागितला. आचाऱ्याने लसूण-जिरं काढलं, तर ती म्हणाली, "फोडनी नको. नुसती हयद-मीठ. डाळीची चव डाळीलेच सांगू द्या."

वाहेदने ते वरण पोळीसोबत खाल्लं. मग वाटी पुन्हा पुढे केली. दाराशी उभ्या असलेल्या देवीदासांना मैनाबाईने बोलावून वाढलं. तेही जेवले.

"बोला मावशी," वाहेद हात पुसत म्हणाला, "काय करायचं?"

जयवंताचं ठरलेलंच होतं. मशीन फेकेल तो माल आधी बायांकडे यावा. निवडलेली डाळ धान्य बँकेला जावी, खालचा गाळ ढोरांच्या खाद्याला. बसायला न गळणारी शेड मिळावी. "अन् बायांले मजुरी मिलमधून. हे काम हाये, दान नोहे. दान तुमी डाळीचं करा."

वाहेदने होकारार्थी मान हलवली.

"आखरीची गोष्ट. बँकेचं कोनतंबी पोतं भरलं, की आमच्यातल्या दोघींनी उघडून पाह्यल्याशिवाय गाडीत चढायचं नाही."

इथे तो अडला. "माझ्यावर भरोसा नाही?"

"तुमच्यावर हाये. पोत्यावर नाही."

देवीदासांनीच मध्ये तोंड घातलं. "बराबर हाये शेठ. मी उघडून पाह्यलं असतं तर कालची फजिती झाली नसती." ते जयवंताकडे पाहून म्हणाले, "शेडचा पत्रा मी सोमवारी बदलून घेतो, बाई." नऊ वर्षांपूर्वीच्या सोमवारचं कुणी काही बोललं नाही. जयवंताने मान डोलावली, आणि तेवढं तिला पुरेसं वाटलं.

निघताना वाहेदने विचारलं, "फ्लेक्स लावायचा का मग?"

"लावा न. फक्त त्याच्यात आमचे तिघींचे नाव टाका."

शनिवारी सकाळी निवडलेल्या डाळीसोबत मिलमधून आठऐवजी, जयवंताने पुरवणीला मागितली तेवढीच, दोन पोती नवी डाळ आली, ती नसीमबानो आणि मैनाबाईने फाटकावर उघडून पाहिली होती. महादेवरावांचा टेम्पो ज्वारी घेऊन आधीच पोचला होता. गाळ्यासमोर माणसं जमली तेव्हा जयवंताने प्रत्येकाला डाळ हातात घेऊन दाखवली. "हे तुटकी हाये, कुठं कुठं साल दिसन. पन चांगली हाये, मी खाल्ली." एकानेही तोंड वाकडं केलं नाही. एका म्हाताऱ्याने डाळ चिमटीत धरून पाहिली आणि अशी डाळ लवकर शिजते म्हणून समाधानाने पिशवी पुढे केली.

रांगेच्या शेवटी पौर्णिमा होती. नवरा दीड वर्षापूर्वी अपघातात गेल्यापासून ती दर महिन्याला यायची, मान खाली घालून पिशवी भरून घ्यायची आणि न बोलता निघायची. आज ती थांबली.

"मावशी, हे निवडायचं काम मले येईल काय?"

जयवंताने मिलमधून नमुन्याला आणलेल्या, न निवडलेल्या डाळीची मूठ तिच्या तळहातावर ओतली. "यातलं खराब काढ."

पौर्णिमाने बराच वेळ लावून पाच दाणे काढले. दोन राहून गेले. जयवंताने एक उलटा करून दाखवला, पोटाशी बारीक छिद्र होतं. दुसरा पौर्णिमाला स्वतःच सापडला.

"सोमवारी नऊ वाजता," जयवंता म्हणाली. "डबा घेऊन ये. आमी सोबत जेवतो."

संक्रांतीपर्यंत शेडमध्ये सात जणी बसायला लागल्या. त्यांतल्या चौघी पूर्वी रांगेत उभ्या राहणाऱ्या होत्या. वाहेदने ओळखीच्या आणखी एका मिलवाल्याला ही गोष्ट सांगितली, त्याने अमरावतीच्या एका मंडळाला सांगितली. मग एका दुपारी रागिणी फोन कानाला लावूनच गाळ्यात शिरली. "काकू, अमरावतीचे लोक बोलावताहेत. त्यांनाही असंच सुरू करायचंय. दोन दिवस येऊन शिकवाल का, विचारताहेत. मी काय सांगू?"

"येतो म्हन. दोघींचं तिकीट काढ, नसीमले घेऊन जातो."

बुधवारी सकाळी दोघी अकोला स्टँडवर अमरावतीच्या गाडीत चढल्या. नसीमबानोने खिडकीची जागा धरली, पर्समधून पुसलेला चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि म्हणाली, "तिथल्या बाया आपलं ऐकतील न, जयवंता?"

"ऐकतील," जयवंता म्हणाली, आणि रागिणीने काढलेली तिकिटं दाखवायला कंडक्टरला हात केला.