पलानीचा बांध

गल्लीच्या टोकाला जमीन फाटली तेव्हा मी घर झाडत होते. आमच्या ज्वालामुखीच्या बेटावर, इथं पुनात, लाव्हा येणार म्हटलं की घर झाडायचं, ओटा पुसायचा, टेबलावर फुलं ठेवायची आणि दार सताड उघडं टाकून निघायचं. येते ती पेले, आगीची देवी. जमीन तिची, आपण तिच्याकडे राहायला. देवी घरी येणार आणि कोपऱ्यात जळमटं, हे आमच्याकडे चालत नाही.

माझा भाऊ पलानी मात्र खाणीवरचा बुलडोझर घेऊन आला.

"टाक तो झाडू! बाबांनी हातानं बांधलेलं घर आहे. मी पेलेच्या बापालाही देणार नाही."

"बांध घातलास तर ती वळून कुठं जाईल, कळतंय का? उताराला वेही आंटीचं घर आहे!"

"आंटीनं तिचं बघावं."

वेही आंटी नात्याची नव्हे, पण आई गेल्यावर आम्हा दोघांना तिनंच भरवलं. तिचा नवरा तिच्याच अंगणातल्या आंब्याखाली पुरलाय. मी बुलडोझरच्या पायरीवर चढून किल्ली ओढायला गेले. पलानीनं मला असं ढकललं की खडीवर आपटून माझं कोपर सोललं. हाताला लागला तो दगड मी त्याच्यावर भिरकावला. त्याच्या कपाळातून रक्त आलं, तरी यंत्र थांबलं नाही.

दुपारपर्यंत दोन पुरुष उंचीचा बांध उभा राहिला. लाव्हा झाडं पेटवत आला, बांधाला भिडला, फुगला आणि वळला. आधी आंटीची गाडी पेटली, मग गॅसची टाकी फुटली आणि छपराचे पत्रे आमच्या डोक्यावरून उडाले. आंबा उभाच्या उभा जळाला. आंटी रस्त्यावरून बघत होती, हातात नुसता झाडू. तीही घर झाडूनच बाहेर पडली होती.

"बघितलंस, मास्तरीणबाई?" पलानी हसत होता. त्या वेळी तो लाव्ह्यात पडला असता तर मी हात दिला नसता.

मी शाळेत मुलांना शिकवते ते असं. खोल खाली एक आच आहे, ती जागची हलत नाही. वरचा समुद्राचा तळ मात्र वायव्येला सरकतो, वर्षाला बोटभर. चूल तिथंच, तवा सरकतोय. चुलीवर असलेलं बेट पेटतं, पुढं गेलेलं विझतं, झिजतं, बुडायला लागतं. आमचे म्हातारेही तेच सांगत, की पेले वायव्येकडच्या काउआई बेटापासून बेटामागून बेट खणत इथवर आली. ती रस्त्यानं येते असं कुणीच म्हटलं नव्हतं. पण पलानी वर्गात बसला होता कधी?

तिसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातली फरशी पायाला सोसेना. मोरीतून वाफ येऊ लागली. अंगणात भेग पडली आणि गवतातून निळ्या ज्वाळा निघाल्या. पलानी धावत बुलडोझरवर चढला आणि तसाच बसून राहिला. बांध घालणार कुठं?

तेवढ्यात वेही आंटी आली. तिनं त्याला गळपट्टी धरून खाली ओढलं आणि झाडूच्या दांड्यानं हाणलं. खांद्यावर, पाठीवर, तोंडावर. कपाळाची जखम पुन्हा फुटली. एवढा धिप्पाड गडी, पण त्यानं हात वर केला नाही. मीही मध्ये पडले नाही.

दमल्यावर तिनं झाडू त्याच्या अंगावर फेकला. "ऊठ. घर झाड."

तो आत गेला. बाबांची खोली झाडताना मोठ्यानं रडत होता. मी टेबलावर फुलं ठेवली. बाहेर पडताना त्यानं सवयीनं दार ओढून घेतलं.

"उघडं ठेव," आंटी म्हणाली.

आम्ही रस्त्यापर्यंत पोचतो न पोचतो तोच स्वयंपाकघर तळापासून फुटलं. पेटते दगड छप्पर फोडून वर उडाले आणि बाबांचं घर आतल्या आत बसलं. बांध मात्र जसाच्या तसा उभा होता. पलानी झाडू छातीशी धरून बघत राहिला.

आंटीनं हात पुढं केला. "माझा झाडू दे. माझ्या घरातलं तेवढंच उरलंय."